शिफारस लिहायला बसण्याआधी

चि. सोनू,


तुमच्या लेखनगटात या महिन्याची निवड तुझ्याकडे आली आहे. सगळ्यांच्या दहा-दहा मिनिटांच्या मुक्तलेखनातून चार तुकडे निवडायचे आणि ते बाकीच्यांनी का वाचावेत हे लिहायचं. ‘आत्या, सगळ्यांचंच छान आहे गं, काय निवडू?’ असं तू विचारलंस. सगळ्यांचं सारखंच छान वाटत असेल तर तू अजून वाचलेलं नाहीस, नुसतं चाळलं आहेस.

घड्याळ लावायचं, हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, ही रीत पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकाने १९७३ साली ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ या पुस्तकातून पुष्कळांपर्यंत नेली. विद्यार्थी असताना लिहिताच येईना म्हणून हा माणूस स्वतः पुढचं शिक्षण सोडून बाहेर पडला होता. लिहिताना आपल्याच डोक्यात जो संपादक बसलेला असतो, त्याला थोडा वेळ बाहेर बसवायचं, एवढाच या खटाटोपाचा हेतू. आणि आता तुला नेमकं संपादकाचंच काम दिलं आहे! तुझ्या कौतुकाने सुखावून एखादा पुढच्या वेळी ‘निवडलं जाईल’ असं लिहायला बसला, तर त्याची ती दहा मिनिटं वाया गेली. म्हणून शिफारस अशी हवी की त्याचा हात पुढेही तितकाच बेफिकीर चालावा.

एल्बोच्या पुस्तकातच एक वाट आहे. ऐकणाऱ्याने निकाल द्यायचा नाही, कुठे काय मनात राहिलं त्यावर बोट ठेवायचं. तुमच्या ‘किल्ली’ या विषयावरचं एकीचं लिखाण तू मला वाचून दाखवलंस ना? सुरुवातीला आयुष्याची किल्ली, यशाची किल्ली वगैरे. ते सोडून दे. हात तापेपर्यंत सगळ्यांचं असंच होतं. पण नंतर अचानक आजीच्या कमरेची किल्ली येते, आणि आजी गेल्यावर ती घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही. तिथे बोट ठेव. ‘हृदयस्पर्शी’ म्हणू नकोस. ‘आजीची किल्ली आल्यावर मी परत वर जाऊन पहिल्यापासून वाचलं’, एवढं खरं असेल तर तेवढंच लिही. अप्रतिम, भन्नाट, निःशब्द ही मंडळी या महिन्यापुरती सुट्टीवर पाठव. आणि दीडशे शब्दांच्या तुकड्यावर तीनशे शब्दांची शिफारस नको. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो.

शेवटी टाळीचं वाक्य असलेले घोटीव तुकडेही तुला सापडतील. ते घड्याळ बंद झाल्यावर घासूनपुसून काढलेले असतात. वाईट नसतात, पण हे त्यांचं ठिकाण नव्हे. त्यापेक्षा मध्येच तुटलेलं, जिथे लिहिणारा स्वतःच दचकलेला दिसतो असं निवड. उतारा देताना ऱ्हस्वदीर्घही दुरुस्त करू नकोस. जन्मभर मुद्रितं तपासलेली बाई हे सांगते आहे, म्हणजे काय ते समज.

एकमेकांच्या पाठी थोपटण्याचा धोका मात्र प्रत्येक गटाला असतो. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी चहाला जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. कविता गाऊन लोकांपर्यंत नेण्याचं त्यांचं काम मोठं, ते मी कमी लेखणार नाही. पण त्या काळच्या काव्यातल्या लकबींवर नेमकं बोट ठेवलं ते आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मधल्या विडंबनांतून, आणि अत्रे काही त्या चहाच्या मेजावर बसणारे नव्हते. तुम्हाला अत्रे कुठून मिळणार! तेव्हा निवड करताना नावं झाकून वाच. गेल्या महिन्यात जिने तुझं निवडलं तिचं या महिन्यात आपण निवडायचं, ही परतफेड लग्नातल्या आहेरापुरती ठेव.

नाजूक गोष्ट पुढेच आहे. हात न थांबवता लिहिताना माणूस काय लिहून जाईल याचा नेम नसतो. सासूबद्दल लिहितो, नवऱ्याच्या दारूबद्दल लिहितो. गटात वाचून दाखवलं म्हणजे चारचौघांत फिरवायला परवानगी दिली असं होत नाही. तुमची निवड गटाबाहेरही जाते म्हणालीस, म्हणून प्रत्येकीला आधी फोन कर. मेसेज नको, मेसेजवर लोक भिडेने हो म्हणतात. फोनवर ती क्षणभर जरी घुटमळली तरी तो तुकडा सोड, कितीही चांगला असला तरी. नाव गाळून छापू, असलं आमिष दाखवू नकोस. गटातल्यांना अक्षरावरूनही माणूस कळतो.

राहिले ते एसटीतून निवृत्त झालेले काका, ज्यांचं कुणी कधीच निवडत नाही. दया म्हणून त्यांना घेऊ नकोस, त्यांना ते लगेच कळेल. पण त्यांचे जुने सगळे तुकडे मागव आणि एका बैठकीत वाच. सुटं वाचताना जे रटाळ वाटतं त्यात, सलग वाचल्यावर, एखादा थांबा किंवा एखादं माणूस पुन्हापुन्हा आलेलं दिसतं का ते बघ. दिसलं तर चौथी जागा त्यांची, आणि शिफारशीत तेच लिही. नाही दिसलं तर तीनच पाठव. चार हवेतच असा हट्ट कुणी धरला तर माझं नाव सांग.

तुझी,
आत्या