फवारणीचा खरा खर्च

दिल्लीच्या उत्तरेकडील सोनीपत-पानिपत भागात बासमती पिकविणारा लहान शेतकरी फवारणीचा हिशेब बहुधा दुकानदाराच्या पावतीवरून मांडतो. हा हिशेब अपुरा आहे. करप्याने लोंबीची मान काळी पडली की दाणा पोचट राहतो; त्या धास्तीने ट्रायसायक्लाझोल फवारले जाते. वाचणाऱ्या धान्याची किंमत औषध व मजुरी यांहून अधिक असेल, तरच ही फवारणी किफायतशीर म्हणावी. परंतु येथे आणखी एक खर्च दडलेला असतो. २०१७ साली युरोपीय संघाने तांदळातील या औषधाच्या अवशेषाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. व्यापारी अनेकांचे भात एकत्र करतो. त्यामुळे एकाच्या फवारणीची झळ न फवारणाऱ्यालाही पोहोचते.

दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने (१९३४ च्या भूकंपानंतर ती बिहारमधील पुसा येथून आली, नाव मात्र बरोबर घेऊन) २०२१ मध्ये 'पुसा बासमती १८८५' हा वाण दिला. लोकप्रिय ११२१ चेच हे सुधारलेले रूप करपा व जिवाणूजन्य करपा या दोहोंना प्रतिकार करते. येथे औषधाचे बरेचसे काम बियाणेच करते. तपकिरी तुडतुड्यांपुढे मात्र हा गुण उपयोगी नाही. त्यासाठी शेतकऱ्याने वरचेवर बांधावरून खाली उतरून, चुडाच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे मोजावेत आणि मगच पंपाला हात घालावा.