डॉल्फिन राहू द्या, आधी बांगडा मोजा

बारावीचा निकाल लागला की हल्ली एक फोन ठरलेला असतो. ‘नीटला मार्क कमी पडलेत. मुलीला समुद्राची भारी आवड आहे. मरीन बायोलॉजीला कुठे घालू?’ आवड कुठून आली म्हणून विचारावं तर डॉक्युमेंटरी, रील्स आणि दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला केलेलं स्कूबा. भेटायला येतात तेव्हा पिशवीत परदेशी विद्यापीठाचं माहितीपत्रक असतं. एजंटाने दिलेलं, मुखपृष्ठावर कासव. कर्जासाठी बँकेत एक फेरीही झालेली असते.

मी स्पष्टच सांगतो, या कासवासाठी घर गहाण टाकू नका. पोहणं आणि डायव्हिंग हा छंद आहे, त्याला सागरी विज्ञान म्हणत नाहीत. या क्षेत्रातल्या माणसाचा बराचसा वेळ जातो तो आकडेमोडीत, फॉर्मलिनच्या वासात आणि निधीचे अर्ज लिहिण्यात. पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर बहुतेकांच्या वाट्याला आधी प्रकल्पातली हंगामी नोकरी येते. प्रकल्प संपला की नोकरी संपली. हे एजंट सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

नेहमीचे रस्ते भराभर सांगून टाकतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूशास्त्रात साधी बी.एस्सी. करून गोवा विद्यापीठात किंवा कोचीनच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात सागरी विज्ञानात एम.एस्सी. करता येते. पुढे नेट देऊन दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पीएच.डी. करता येते. ज्यांना यंत्रांत रस आहे त्यांनी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स करून चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेकडे नजर ठेवावी. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ पाणबुडी तिथेच तयार होते आहे. मध्य हिंदी महासागरात खनिजांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. तिथल्या तळावर निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे खडे पडलेले आहेत. एक खडा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात. बॅटऱ्यांच्या हव्यासापोटी ते उपसायचे की नाहीत, उपसले तर तिथल्या गाळातल्या जीवांचं काय होईल, हे ठरवायला गाळ चाळत बसणारे जीवशास्त्रज्ञही लागतील. पण अशा जागा मोजक्या असतात. मर्चंट नेव्ही आणि मरीन इंजिनीअरिंगचा या लेखाशी काही संबंध नाही, त्यासाठी फोन करू नका.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. बारावीला जीवशास्त्र आणि सीईटी, मग चार वर्षांची बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी. नागपूर आणि उदगीरलाही ही पदवी मिळते. पुढे एम.एफ.एस्सी.साठी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ची. मुंबईच्याच कित्येक पालकांना तिचं नाव माहीत नसतं. सात बंगल्याला राहणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘ते मत्स्यालय आहे ना, तिकीट काढून बघायचं?’

शिरगावची मुलं काय करतात? पहाटे मिरकरवाडा बंदरावर बोटी लागतात. टब उतरतात, बर्फ फुटतो, लिलावाचा गलका सुरू होतो. या गर्दीत एक मुलगी पट्टी लावलेली फळी घेऊन उकिडवी बसते. बांगड्याचं तोंड फळीच्या कडेला टेकवायचं, शेपटीपर्यंत मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे, पुढचा घ्यायचा. काही मासे विकत घेऊन ती प्रयोगशाळेत नेते. पोट चिरून गाबोळी कितपत भरली आहे ते बघते. डोक्यातून कानाचा इवलासा खडा काढते आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची वलयं मोजून माशाचं वय काढते.

महाराष्ट्राने २०२३ साली सिल्व्हर पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची १३५ मिलिमीटर. मासा किती लांबीचा झाला म्हणजे एकदा तरी अंडी घालतो हे ठाऊक असल्याशिवाय असा आकडा काढता येत नाही, आणि ते ठाऊक होतं या फळीवर. पिल्लं पकडू नका म्हणून सातपाटीचे मच्छीमार कित्येक वर्षं ओरडत होते. त्यांच्या ओरडण्याला कायद्याचं बळ यायला मोजलेले मासे लागले. तळहाताएवढी पापलेटं बाजारात अजूनही दिसतात, ते सोडा. कायदा राबवायलाही हीच पदवी घेतलेली माणसं हवीत, आणि मत्स्यव्यवसाय खात्यात ती कमी आहेत.

तारलीचं बघा. केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या आसपास तारली मिळाली होती, २०२१ला साडेतीन हजार टनही नाही. समुद्राचं तापणं किती आणि माणसाची हाव किती, हे वाटून दाखवायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. माझ्या लेखी सागर संवर्धन ते हेच. किनाऱ्यावर प्लॅस्टिक गोळा करतानाचे फोटो चांगलेच असतात, पण त्यावर पगार मिळत नाही.

पदवीनंतर कोळंबी प्रकल्प, बीज केंद्रं, निर्यात कारखाने, बँका, राज्याचं खातं आणि केंद्राच्या संशोधन संस्था असे पर्याय असतात. पहिला पगार आयटीवाल्या भाच्यापेक्षा कमी असेल. लग्नकार्यात तुलना होईल, ती सोसायची तयारी ठेवा.

खरी अडचण घरातच असते. कोळीवाड्यातला बाप म्हणतो, ‘डिझेल परवडत नाही, दर्यात आता काय राहिलं नाही. पोराला कॉम्प्युटरला घाला.’ त्याचं दुःख मला कळतं, त्याच्यापुढे मी आवाज चढवत नाही. पण त्याच्या मुलाला जाळ्याचा आस, भरती-ओहोटी आणि माशांची हंगामवार नावं लहानपणापासून ठाऊक असतात. शिरगावला पुण्याच्या मुलाला जे शिकायला दोन वर्षं लागतील ते तो घरून शिकून येतो. एवढी पुंजी टाकून त्याला तिसऱ्या दर्जाच्या कॉलेजात कोडिंग शिकवायचं, याला मी शहाणपण म्हणणार नाही.

दुसरी तऱ्हा सदाशिव पेठेतली. मुलीने व्हेल वाचवलेले चालतात, बोंबील चिरलेला चालत नाही. ‘आमच्याकडे खात नाहीत हो.’ अहो, खायला कोण सांगतंय? मरीन बायोलॉजिस्ट म्हटलं की नातेवाइकांत मान, फिशरीज म्हटलं की तोंडं वाकडी. या मानापायी चांगल्या मुलींची वर्षं फुकट गेलेली मी पाहिली आहेत. मुलीला माशाच्या वासाचं काही वाटत नाही, आईला वाटतं. कॉलेजात आईला जायचं नाहीये.

जूनपासूनची मासेमारी बंदी उठली की एका शनिवारी मुलाला पहाटे जवळच्या बंदरावर सोडा. ससून डॉक, मिरकरवाडा, मालवण, कुठेही. चार तास तिथे थांबू द्या. तुम्ही गाडीतच बसा. परत आल्यावर कोणते मासे पाहिले ते विचारा. नावं सांगितली, कोळणींना पन्नास प्रश्न विचारून आला असेल, तर अर्जाची तयारी करा.

आणि अकरावीच्या पालकांनो, ‘मॅथ्स आहे ना, बायो सोडून देऊ’ असं करण्याआधी या पदवीची पात्रता वाचा. बायो सोडून पुढच्या जूनमध्ये फोन केलात तर माझ्याकडे त्यावर उपाय नाही.