एकाच वेळी माज : गोठ्यातील धडा, दवाखान्यासाठी

आपल्या संस्थेतील बहुतेक सभासद मानववैद्यकाचे, मी पशुवैद्य. तरीही आपली औषधे पुष्कळदा एकच असतात, याचे एक उदाहरण मांडतो.

अमेरिकेतील विस्तीर्ण कुरणांवर मांसोत्पादक गाईंचा माज एकेकीवर लक्ष ठेवून ओळखणे कठीण असते. म्हणून प्रथम जीएनआरएचचे इंजेक्शन देऊन योनिमार्गात प्रोजेस्टेरॉन झिरपविणारे साधन बसवितात. सात दिवसांनी ते काढून प्रोस्टाग्लँडिन टोचतात. त्याने बीजांडकोशातील पीतपिंड विरघळतो. पुढे ६० ते ६६ तासांनी, माजाची वाट न पाहता, पुन्हा जीएनआरएच देऊन कृत्रिम रेतन करतात. गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा. त्यामुळे वासरे एकाच हंगामात जन्मतात.

आपल्याकडे दुभत्या गाई-म्हशींसाठीही हीच औषधे वापरली जातात. मात्र प्रोस्टाग्लँडिन माणसाच्या त्वचेतूनही शोषले जाते. त्यामुळे गर्भवतीचा गर्भपात होऊ शकतो, दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. मी हातमोज्यांशिवाय ते हाताळीत नाही. अंगावर सांडल्यास तत्काळ साबणपाण्याने धुतो. गर्भवती व दमेकरी यांना तर त्यापासून दूरच ठेवतो.

आपणांस एकच विनंती : पशुपालक कुटुंबातील गर्भवती रक्तस्राव घेऊन आली, वा दमेकरी अकस्मात धापा टाकू लागला, तर "गोठ्यात कोणते इंजेक्शन हाताळले होते का?" एवढे अवश्य विचारावे.