तुरुंगाचे चित्रघर झाले
(इयत्ता ४ थी)

दिवाळीच्या सुट्टीत मी अंधेरीला मामाकडे गेले होते. मामाने मला वांद्र्याचा किल्ला दाखवला. तो समुद्राच्या काठी आहे. पोर्तुगीज लोकांनी तो १६४० साली बांधला. तिथे भिंतीवर पुष्कळ नावे लिहिलेली होती. मीपण कोळशाने माझे नाव लिहिले. मामा रागावला. म्हणाला, "अगं, भिंत म्हणजे काय पाटी आहे?" मी हाताने पुसले तर आणखीच काळे झाले. मग तिथेच बसून मामाने मला गोव्याच्या किल्ल्याची माहिती सांगितली. ती मी लिहिते.

गोव्यात मांडवी नदी समुद्राला मिळते. तिथे पणजीच्या समोरच्या काठावर रेइश मागुश नावाचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १५५१ साली बांधला. तो जांभ्या दगडाचा आहे. समुद्रातून येणाऱ्या जहाजांवर तिथून नजर ठेवत. तिथे तोफा अजून आहेत.

पुढे त्या किल्ल्याचा तुरुंग केला. तो १९९३ पर्यंत होता. नंतर किल्ला ओस पडला. मग त्याची दुरुस्ती झाली आणि २०१२ साली तो लोकांना पाहायला खुला झाला. आता तिथे मारिओ मिरांडा यांची चित्रे लावली आहेत.

मारिओ यांचा जन्म १९२६ साली दमणला झाला. त्यांचे घर गोव्यात लोटली गावी होते. ते मुंबईच्या वर्तमानपत्रांत हसरी चित्रे काढत. बाजार, लग्नाची वरात, रस्त्यावरची गर्दी, सगळे त्यांच्या चित्रात असे. सरकारने त्यांना २००२ साली पद्मभूषण दिले. डिसेंबर २०११ मध्ये ते वारले. म्हणजे खुला झालेला किल्ला त्यांना पाहायला मिळाला नाही. याचे मला फार वाईट वाटले.

लहानपणी मारिओसुद्धा घरातल्या भिंतीवर चित्रे काढत! त्यांच्या आईने ते पाहिले आणि त्यांना कोरी वही आणून दिली. मग ते वहीत काढू लागले. आता त्यांचीच चित्रे किल्ल्याच्या भिंतीवर आहेत, पण चौकटीत घालून टांगलेली.

मुलांनो, किल्ल्याच्या भिंतीवर नाव लिहू नका. ते निघत नाही. मामाने मला पण वही घेऊन दिली आहे. तिच्यात मी वांद्र्याचा किल्ला काढला आहे. ते चित्र या लेखाशेजारी टाचणीने लावले आहे, ते पाहा.