भिंत कोणाची, आवाज कोणाचा

मुंबई-पुण्यात होर्डिंगच्या साइट शोधायच्या, भाड्यानं घ्यायच्या, त्यावर दुसऱ्याचं म्हणणं लावायचं आणि मुदत संपली की उतरवायचं, या धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वर्तमानपत्रात काय छापावं यावर परिसंवाद होतात. रस्त्यावर काय लागावं हे मात्र बहुतेकदा एका फोनवर ठरतं. तिथं शिकलो ते असं:

१. बोलणं स्वस्त, जागा महाग.
फ्लेक्स छापायला फारसं काही लागत नाही, खर्च सगळा साइटचा. माहीम कॉजवेवरच्या होर्डिंगचं भाडं बिल्डरला, मोबाइल कंपनीला झेपतं. झाडं वाचवायला निघालेल्या रहिवाशांना पंधरवडाही परवडत नाही. कायद्यानं तोंड सगळ्यांना दिलंय, चौक नाही.

२. जाहिरात हेही बोलणंच.
१९५९ साली हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं. १९९५ साली टाटा प्रेस आणि महानगर टेलिफोन निगम यांच्यात यलो पेजेसवरून वाद झाला, तेव्हा त्याच न्यायालयानं व्यापारी जाहिरातही या स्वातंत्र्यात बसते असं सांगितलं. मला त्या निकालाची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते: जाहिरातीतली माहिती मिळवण्याचा हक्क वाचणाऱ्यालाही आहे. फसवणुकीला मात्र त्यात जागा नाही. २००३च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातींना चाप लावला आणि गुटख्यावाल्यांच्या वेलचीचं पीक होर्डिंगवर आलं. त्या वेलचीच्या जाहिरातीसाठी कुणी घटनेचा दाखला दिला की हसू आवरत नाही.

३. बसचं काम सगळ्यात नाजूक.
होर्डिंगकडे पाठ फिरवता येते. बसमध्ये चेंगरून उभ्या असलेल्या माणसाला समोरचं पॅनेल वाचावंच लागतं. शिवाय बस सार्वजनिक पैशाची. अमेरिकेतल्या शेकर हाइट्स शहराच्या वाहनांत सिगारेटच्या जाहिराती चालत, पण विधिमंडळाच्या एका उमेदवाराची जाहिरात नाकारली गेली. १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूनं निकाल दिला. उलट २००९ साली लंडनच्या बसवर ‘बहुधा देव नाही’ असं लिहून आलं, तक्रारींचा पाऊस पडला, आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेनं त्यात नियमभंग नाही असं ठरवलं.

मला शेकर हाइट्सचा निकाल आवडत नाही, पण एक गोष्ट पटते: राजकीय जाहिरात नको, तर कुणाचीच नको. आपल्याकडे सरकारी योजनेची जाहिरात नेत्याच्या फोटोसकट बसच्या पाठीवरून फिरते. त्याच योजनेतली त्रुटी सांगणारा मजकूर नेला की तो ‘वादग्रस्त’ ठरतो. बसचा मालक सार्वजनिक असेल, तर नियम आधी लिहिलेला हवा आणि तो सत्ताधाऱ्यालाही लागायला हवा.

४. नकार लेखी मागा.
एका रहिवासी संघाला होर्डिंगवर एवढंच विचारायचं होतं, ‘हा रस्ता कधी पूर्ण होणार?’ खाली संघाचं नाव, नोंदणी क्रमांक, सगळं रीतसर. आदल्या रात्री साइटमालकाचा फोन आला, “दादा, मजकूर झकास आहे, पण माझ्या लायसनचं रिन्युअल अडकलंय. समजून घ्या.” बंदी कुणीच घातली नव्हती, मनाईचा कागद नव्हता, तरी ते होर्डिंग लागलं नाही.

मोठ्यांवरही दबाव येतोच. गणेशोत्सवात अमूलच्या होर्डिंगवर ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ अशी कोटी झळकली, तेव्हा शिवसेनेकडून ऑफिस फोडण्याची धमकी आल्याचं ती होर्डिंगं करणाऱ्यांनीच पुढे सांगितलं. अमूलला तो किस्सा सांगायला मिळतो. रहिवासी संघाचं होर्डिंग लागायचं होतं, हेच कुणाला कळत नाही. म्हणून मी लेखी कारण मागतो. सही करायची वेळ आली की बरेच नकार मऊ पडतात.

५. फुकटच्या फ्लेक्सला अभिव्यक्ती म्हणू नका.
भाऊंचा वाढदिवस, दादांची निवड, चौकात सिग्नल झाकणारे पन्नास चेहरे. मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा १९९५पासून आहे. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा होर्डिंगवर सविस्तर आदेश दिले. तरी परवाना घेऊन प्रश्न विचारणारा अडतो आणि विनापरवाना शुभेच्छा देणारा मिरवतो. ज्याला कुणी हात लावत नाही, त्याच्या हाती असते ती सत्ता. तिला स्वातंत्र्याचं नाव देऊ नये.

६. लोखंड मोजा, मजकूर नको.
१३ मे २०२४ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. मुंबईत मर्यादा ४० बाय ४० फुटांची, ते होतं १२० बाय १२० फूट. पाया, उंची, वाऱ्याचा भार यांचे नियम जितके कडक तितके चांगले. त्यानं कुणाचंही बोलणं थांबत नाही. पण सांगाडा तपासायला आलेले साहेब मान वर करून मजकूर वाचू लागले, तर त्यांना कोणत्या नियमाखाली वाचताय ते विचारावं.

७. नाव टाका.
निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव हवं, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ सांगतं. २०२४ साली निवडणूक आयोगानं होर्डिंगबाबतही तेच बजावलं. माझा नियम त्या सूचनेहून जुना आहे आणि तो बारा महिने चालतो. मजकूर कितीही कडू असो, खाली सांगणाऱ्याचं नाव असेल तर मी त्याच्यासाठी साइट शोधतो. नाव नसेल तर शुभेच्छासुद्धा परत पाठवतो. वाचणाऱ्याला मान वळवायची सोय नसेल, तर निदान कोण बोलतंय हे तरी त्याला कळलं पाहिजे.