उतरणीनं दिलेला धडा

प्रश्न : मित्रांसोबत राजगड–तोरणा–रायगड हा अनेक दिवसांचा ट्रेक पूर्ण केला. चढताना धाप लागली, पण पाय फारसे दुखले नाहीत. घरी आल्यावर मात्र दोन दिवस जिना उतरणंही अवघड झालं. काही दुखापत झाली असेल का? पुढच्या वेळी काय बदलू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा दुखापत नाही. तोरणा 1403 मीटर उंच, रायगड सुमारे 820 मीटर. मध्ये घाटमाथ्यावरून नाळेनं, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, थेट कोकणात उतरायचं. त्यामुळे या वाटेवर खरी कसोटी उताराची. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. त्यामुळे तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं साधारण 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतं. हलकं चालणं, झोप, भरपूर पाणी आणि डाळ, दही, अंडी असा आहार पुरेसा आहे. मात्र सांधा सुजला, एकाच जागी तीव्र कळ येत असली किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या तयारीत जिना चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव ठेवा, तोही पाठीवर सॅक घेऊन. उतारावर पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, काठी वापरा. प्रथमोपचाराचं साहित्य आणि टॉर्च सोडून सॅकमधलं जे वापरलंच नाही, ते पुढच्या वेळी घरीच राहू द्या. चढावरच्या दमावरून कुवत मोजू नका. दुपारनंतर उतरण्याइतके पाय शिल्लक आहेत का, यावरून मुक्काम ठरवा.