पैनगंगा ओलांडली म्हणजे घर आलं नाही

कन्याकुमारीहून परतताना पैनगंगेचा पूल ओलांडला, मराठी पाट्या दिसू लागल्या आणि मला वाटलं, आलोच घरी. यवतमाळ तिथून अजून नव्वदएक किलोमीटर होतं. सव्वातीन हजार किलोमीटरच्या प्रवासात जे कुठेच घडलं नाही, ते या नव्वदात घडलं.

डिसेंबर महिना होता. पांढरकवड्याला ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरायचा आणि हैदराबाद, बंगळूर, मदुराई करत थेट समुद्रापर्यंत जायचं, ही माझी आणि बायकोची कितीतरी वर्षांची इच्छा. जाताना शिस्तीत गेलो. अंधार पडला की मुक्काम, दर दोन-अडीच तासांनी चहा. परतीला मात्र घराची ओढ लागली. शेवटच्या दिवशी जेमतेम चार तास झोप घेऊन पहाटे पाचला अनंतपूर सोडलं. निर्मलला भाच्यासाठी लाकडी खेळणी घेतली. आदिलाबादला बायको म्हणाली, ‘‘अहो, इथंच थांबू ना. सकाळी निघू.’’ तेवढ्यात ताईचा फोन आला, ‘‘कुठवर आले? वांग्याची भाजी न् भाकरी करून ठेवली आहे.’’ मी म्हटलं, आता काय थांबायचं, आलोच की.

पांढरकवडा मागे पडलं. चौपदरी रस्त्याचा उजेड सरला आणि ओळखीचा, अंधारा रस्ता सुरू झाला. उमरी कधी येऊन गेलं, ते मला आजही आठवत नाही. बायकोच्या किंचाळण्यानं डोळे उघडले, तेव्हा समोर कापसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. मी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडी रस्ता सोडून वेचणी झालेल्या पऱ्हाटीत घुसली आणि धुऱ्यावर आदळून थांबली. काचेवर पऱ्हाट्यांची बोंडं चिकटली होती. बायकोचं उजवं मनगट मोडलं. मागच्या सीटवरचा निर्मलचा लाकडी पोपट तिच्या पायाशी दोन तुकडे होऊन पडला होता.

ट्रॉलीला दिवा नव्हता, ही चूक खरीच. पण मी जागा असतो तर ती मला दिसली असती. रस्ता माझ्या रोजच्या ओळखीचा होता, म्हणूनच मी बेसावध होतो. मन पैनगंगेवरच घरी पोचलं होतं आणि थकलेलं शरीर एकटं गाडी चालवत होतं.

ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी विनाचालक. ही डुलकी सांगून येत नाही, पण तिच्या खुणा आधी दिसतात. जांभया थांबत नाहीत, डोळे चुरचुरतात, गाडी पट्टा सोडू लागते, मघाशी गेलेलं गाव आठवत नाही. उमरी आठवलं नाही, तीच माझी खूण होती आणि ती मला कळली नाही. यातलं एक जरी जाणवलं तरी गाडी सुरक्षित जागी, उजेडात, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबवा. काच उघडून, गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही. चहा-कॉफीचा परिणाम व्हायलाही वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं पडा. तरीही डोळे जड असतील, तर तिथंच मुक्काम करा.

पगारी वाहनचालकांसाठी १९६१ सालच्या कायद्यानं मर्यादा घालून दिली होती. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. ज्यांचं गाडी चालवणं हे रोजचं काम, त्यांच्यासाठी ही मर्यादा. मी हौशी माणूस त्या दिवशी सोळा तास चाकामागे होतो. प्रवास आखताना शेवटचा दिवस सगळ्यांत छोटा ठेवा. घर शंभर किलोमीटरवर असलं तरी दिवस मावळल्यावर निघू नका. आपल्याकडे हंगामात कापसाच्या बंड्या, ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला रोही आणि रानडुकरं आडवी येतात. आणि आमच्यासारखा चालवणारा एकच असेल, तर शेजारच्यानं झोपू नये. माझी बायको जागी होती, म्हणून हे लिहायला मी उरलो.

राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर मिळते, रुग्णवाहिका १०८ वर. हे आकडे बरोबरच्या प्रत्येकाला पाठ असू द्या. आमच्याकडे सगळ्यांत आधी धावून आला तो त्या ट्रॉलीचाच माणूस. त्यानंच बायकोचा हात आपल्या दुपट्ट्यानं गळ्यात बांधून दिला.

शेवटचं सांगणं घरी वाट पाहणाऱ्यांना. ‘कुठवर आले’ असं विचारू नका. मायेनं विचारलेला तो प्रश्न चालवणाऱ्याच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर होतो. ताई आता फोनवर वेगळं बोलते. ‘‘मुक्काम कुठं करता?’’ एवढंच विचारते आणि भाकरी सकाळी टाकते.